‘आवडले, परंतु’ : विज्ञानमालिकेचा रसिक आणि रसविघ्नाचा प्रश्न

कलाकृतीविषयीच्या दोन प्रतिक्रियांची दखल समीक्षेने नेहमीच घेतली आहे. एक संपूर्ण स्वीकाराची, दुसरी संपूर्ण नकाराची. पहिलीतून रसग्रहण जन्माला येते, दुसरीतून खंडन. परंतु या दोहोंच्या मधे एक तिसरी प्रतिक्रिया असते आणि व्यवहारात तीच सर्वांत अधिक आढळते. ‘आवडले, परंतु’ एवढ्या दोन शब्दांत ती मावते. निर्मात्याला तीत कृतघ्नता दिसते आणि समीक्षकाला अनिश्चय, म्हणून तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. एखाद्या लेखकाचे सारे लेखन आवडीने वाचलेला, त्याच्या कथेचे पडद्यावरील रूप पाहण्यासाठी आठवडाभर थांबलेला रसिक जेव्हा एखादा भाग संपताच समाधान आणि तक्रार एकाच श्वासात बोलून दाखवतो, तेव्हा तो गोंधळलेला असतो की त्याला काही नेमके जाणवलेले असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. विज्ञानकथेच्या बाबतीत तो विशेषच विचारण्याजोगा आहे. कारण ‘हे खरे वाटते का’ या कसोटीवर जितक्या वेळा विज्ञानकथा घासली जाते तितकी दुसरी कोणतीही कथा घासली जात नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक चांगले उदाहरण तमिळ साहित्याने पुरवले आहे. ‘सुजाता’ या टोपणनावाने लिहिणारे एस. रंगराजन (१९३५–२००८) हे व्यवसायाने अभियंते. टोपणनाव त्यांच्या पत्नीचे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्यांनी नोकरी केली आणि इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या घडणीत त्यांचा सहभाग होता. त्यांची ‘एन् इनिय इयंदिरा’ ही कादंबरी १९८० च्या दशकात ‘आनंद विकटन’ या मद्रासच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, पुढे तिचा ‘मीण्डुम् जीनो’ हा उत्तरार्ध आला आणि दूरदर्शनवर तिची तमिळ मालिकाही झाली. शीर्षकातला ‘इयंदिरा’ म्हणजे आपला ‘यंत्र’ हाच शब्द, मात्र संबोधनाच्या रूपात. ‘इनिय’ म्हणजे गोड, लाडका. ‘हे माझ्या लाडक्या यंत्रा’ असे मराठीत म्हणता येईल. यंत्राविषयी बोलणे वेगळे आणि यंत्राशी बोलणे वेगळे. कादंबरीचा सारा जीव या संबोधनात आहे.

कथानक २०२० नंतरच्या भारतात घडते. देशावर जीवा नावाच्या हुकूमशहाची सत्ता आहे. मूल व्हावे यासाठीही शासनाची परवानगी लागते. निला या तरुणीचा पती सिबी नाहीसा होतो आणि त्याच्या शोधात ती सत्तेच्या गाभ्यापर्यंत पोचते. तेथे गेल्यावर कळते की ज्याच्या नावाने देश चालतो तो जीवा मुळात मनुष्यच नव्हे. ती केवळ प्रकाशाने उभी केलेली प्रतिमा आहे. या प्रवासात निलाचा खरा सोबती म्हणजे जीनो हा यंत्रश्वान. तो पुस्तके वाचतो, तर्क लढवतो, चतुर बोलतो, आणि वाचता वाचता माणसासारखा होत जातो. निला, सिबी, रवी, मनो, जीवा, जीनो ही सारी नावे दोन अक्षरांची आहेत. माणसाच्या नावावरही काटकसर करणाऱ्या राज्यव्यवस्थेचे चित्र लेखकाने असे अक्षरसंख्येतच दाखवून ठेवले आहे.

मद्रास दूरदर्शन केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. मद्रासचे अधिकृत नाव १९९६ साली चेन्नई झाले. या दोन वर्षांच्या दरम्यानचा, मैलापूरच्या किंवा तिरुवल्लिकेणीच्या एखाद्या घरातला प्रेक्षक प्रातिनिधिक म्हणून डोळ्यांसमोर आणावा. तमिळ घरांत साप्ताहिकातील क्रमशः कादंबरीची पाने काढून ती एकत्र बांधून ठेवण्याची जुनी रीत आहे. कल्कींच्या ‘पोन्नियिन् सेल्वन्’ची (१९५०–५४) अशी घरी बांधलेली पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. हा प्रेक्षक त्याच वाचनसंस्कारातला. त्याने ‘एन् इनिय इयंदिरा’ एका बैठकीत वाचलेली नाही. आठवड्याला एक प्रकरण या गतीने ती त्याच्यापर्यंत आली आहे आणि दोन प्रकरणांच्या मधल्या सात दिवसांत त्याने ती स्वतःच्या मनाने पुढे नेली आहे. आता ज्या भागात जीनो प्रथम बोलणार, तो भाग तो पाहतो.

भाग संपल्यावर त्याची प्रतिक्रिया काय असेल, याचा तर्क कठीण नाही. आपल्या भाषेत, आपल्या शहरातून, उद्याच्या काळाविषयीची कथा पडद्यावर आली याचा त्याला अभिमान वाटेल. निलाचे एकटेपण नटीच्या चेहऱ्यावर त्याला कागदापेक्षा अधिक जवळून दिसेल. परंतु जीनो? त्या जागी खरा कुत्रा उभा केला तर तो फार जिवंत ठरणार आणि खेळण्यातला केला तर फार निर्जीव. वाचताना जीनो एकाच वेळी दोन्ही होता, कारण शब्दाला दोन्ही असता येते, वस्तूला नाही. दोन अक्षरांच्या नावांतली योजनाही कानाला जाणवणार नाही. अक्षरे डोळा मोजतो, कान मोजत नाही. म्हणून तो म्हणेल, ‘आवडले, परंतु हा जीनो नव्हे.’

या वाक्यातील पूर्वार्ध आणि उत्तरार्ध परस्परविरोधी आहेत असे वरवर पाहता वाटते. मराठी साहित्यविचारात याचे एक उत्तर फार पूर्वी सुचवले गेले आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक कलाकृतीत रमतो तेव्हा त्याचे स्वतःचे भान पूर्णपणे लोपत नाही. तो दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि त्याच वेळी स्वतःच्या जागी उभाही असतो, या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयानंदाचे मूळ आहे, असे तिचे सार सांगता येईल. या कल्पनेवर पुढे बरीच टीका झाली. तथापि ज्या प्रतिक्रियेचा येथे विचार चालला आहे, तिचे स्वरूप समजून घेण्यास ती फार उपयोगी पडते. ‘आवडले’ हा समाधीचा उद्गार आहे आणि ‘परंतु’ हा विकल्पाचा. दोन्ही एकाच मनात, एकाच वेळी नांदतात. ज्याची समाधी मुळात लागलीच नाही तो ‘परंतु’ म्हणत बसत नाही. तो उठून जातो.

एवढ्याने मात्र प्रश्न सुटत नाही. विकल्प सदैव असतोच, तर तो एका क्षणी शांत आणि दुसऱ्या क्षणी बोलका का होतो? येथे अभिनवगुप्तांकडे वळावे लागते. ‘अभिनवभारती’त रससूत्राचे विवरण करताना त्यांनी रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले पहिलेच ‘संभावनाविरह’, म्हणजे समोर चाललेले संभवनीय वाटत नाही ही अवस्था. जे घडू शकते असेच वाटत नाही त्यात चित्त विसावणार तरी कसे, असा हा विचार आहे. यावरचा त्यांचा उपायही लक्षात घेण्याजोगा आहे. लोकसामान्य प्रसंग असेल तर प्रेक्षकाच्या हृदयाशी त्याचा संवाद सहज जुळतो. परंतु समुद्रोल्लंघनासारखी असामान्य कृत्ये दाखवायची असतील तर नायक प्रख्यात हवा, रामासारखा; कारण अखंड प्रसिद्धीने त्याच्याविषयीचा विश्वास प्रेक्षकाच्या मनात आधीच खोल रुजलेला असतो. प्रख्यात नावाची आवश्यकता येथे अलंकार म्हणून सांगितलेली नाही. ती विश्वासाची सोय आहे.

या सिद्धांताचा पडताळा दूरदर्शननेच आणून दिला. २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. तीत आकाशात बाणावर बाण आदळत, पर्वत हातावर उचलून नेला जाई. या युक्त्यांतला साधेपणा लहान मुलालाही कळण्याजोगा होता. तरीही रसभंग झाला नाही. देशभर अनेक घरांत संचापुढे हात जोडले गेले. पडद्यावरील चित्र अपुरे होते, परंतु त्यामागे कित्येक शतकांची प्रसिद्धी उभी होती आणि प्रेक्षक चित्रातली उणीव तिच्यातून भरून काढीत होता. विज्ञानमालिकेला हे भाग्य नाही. उद्याच्या काळाला कालची कीर्ती कोठून असणार? निला किंवा जीनो यांच्यामागे पुराण नाही, कीर्तनकार नाही, आजीची गोष्ट नाही. त्यामुळे पडद्यावर जेवढे दिसते तेवढ्याच बळावर तिला उभे राहावे लागते, आणि साधन जरा अपुरे पडले की विश्वास डळमळतो.

मग विज्ञानकथा टिकते कशी? प्रख्यात नायकाऐवजी तिला दुसरे आधार शोधावे लागतात, आणि ते मुख्यतः दोन आहेत. पहिला आधार लेखकाच्या अधिकाराचा. सुजाता हे अभियंते आहेत हे वाचकाला ठाऊक होते. ‘ज्युनियर विकटन’मधील ‘एन्? एदर्कु? एप्पडि?’ (का? कशासाठी? कसे?) या सदरातून ते वाचकांच्या शंकांना उत्तरे देत असत. ज्या माणसाने काल विज्ञानातली शंका फेडली, त्याने आज बोलणारा यंत्रश्वान आणला तर वाचक त्याला काही काळ उधार विश्वास देतो. हा आधार पुस्तकात असतो, कारण तेथे प्रत्येक वाक्यात लेखकाचा आवाज असतो. पडद्यावर तो आवाज नाहीसा होतो, नाव तेवढे श्रेयनामावलीत उरते.

दुसरा आधार कथेच्या अंतर्गत सुसंगतीचा. मराठीतील एक प्रसिद्ध घटना या संदर्भात आठवावी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथास्पर्धेला जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले होते. कथा पारितोषिकास पात्र ठरली. खगोलशास्त्रज्ञाच्या कीर्तीचा आधार काढून घेतल्यावरही कथा उभी राहिली, याचा अर्थ तिची सुसंगती तिला पुरेशी होती. विज्ञानकथेत लेखक काही नियम घालून देतो आणि ते स्वतः पाळतो. या पालनातून हळूहळू एक विश्वास तयार होतो. कथा क्रमशः असेल तर आठवड्यामागून आठवडे हा विश्वास साचत जातो आणि शेवटी त्याला प्रसिद्धीचेच रूप येते. रामाची प्रसिद्धी परंपरेने दिली. जीनोची प्रसिद्धी वाचकाच्या स्मरणाने दिली. पहिली विशाल आणि अखंड, दुसरी लहान आणि नवी. परंतु कार्य दोहोंचे एकच.

येथे त्या रसिकाच्या ‘परंतु’चा उगम सापडतो. विज्ञानमालिकेचा चाहता हा तिच्या प्रसिद्धीचा धारक असतो. नवखा प्रेक्षक समोरच्या भागाची तुलना केवळ लोकव्यवहाराशी करतो. चाहता ती त्या कथेने स्वतःच घालून दिलेल्या नियमांशी करतो. म्हणून त्याचे प्रेम आणि त्याची तक्रार एकाच मुळातून निघतात. जे स्मरण त्याला आनंद देते तेच त्याला चूक दाखवते.

अर्थात चाहत्याची प्रत्येक तक्रार सारख्या मोलाची नसते. समीक्षकाचे काम त्या वेगळ्या करण्याचे आहे आणि त्यासाठीही अभिनवगुप्तांची यादी हाताशी घेता येते. मद्रासच्या त्या प्रेक्षकाच्या तक्रारी अशा तीन प्रकारच्या असू शकतील.

‘यंत्र खोटे दिसते’ ही पहिल्या प्रकारची तक्रार. हे ‘प्रतीत्युपायवैकल्य’, म्हणजे प्रतीती घडवणाऱ्या साधनांचे अपुरेपण. संगणकीय चित्रण सर्वत्र होण्यापूर्वीच्या काळात कॅमेऱ्यापुढे जे प्रत्यक्ष उभे करता येईल तेवढेच दाखवता येत असे. हा दोष खरा, परंतु क्षम्य. कथेच्या घडणीवर त्याचा आरोप करता येत नाही.

‘माझ्या मनातला जीनो असा नव्हता’ ही दुसरी तक्रार. तिचे नाते ‘स्वगतपरगतत्वा’च्या विघ्नाशी जोडता येईल. प्रेक्षक जे अनुभवतो ते आपले-परके या भेदातून सुटलेले असावे लागते. येथे मात्र तो स्वतःच्या चित्राला धरून बसला आहे. हे चित्र त्याने सात-सात दिवसांच्या फटींतून प्रेमाने रंगवले आहे, म्हणून त्याविषयी सहानुभूती हवी. पण दोष कलाकृतीचा नव्हे. भाषांतर वाचताना मूळ भाषेचा वाचक असाच अडखळतो आणि त्याचे अडखळणे हा भाषांतराविरुद्धचा पुरावा ठरत नाही.

‘जीनो असे करणार नाही’ ही तिसरी तक्रार. तीच खरी संभावनाविरहाची आणि तीच समीक्षेच्या कामाची. पात्राने किंवा कल्पित जगाने स्वतःचा नियम मोडला आहे, असे ती सांगते. साधने कितीही सुधारली तरी ही तक्रार मिटत नाही. याचे प्रत्यंतर चेन्नईनेच पुढे दिले. शंकर दिग्दर्शित ‘एंदिरन्’ (२०१०) या चित्रपटाच्या संवादलेखकांत सुजातांचे नाव आहे. तो पूर्ण होण्यापूर्वीच ते निवर्तले होते. तेथे साधनांची उणीव नव्हती; रजनीकांत यांचा यंत्रमानव पडद्यावर पाहिजे ते करू शकत होता. परंतु यंत्रात भावना कशा आल्या, या प्रश्नाचे उत्तर तेथे विजेच्या एका लोळाने दिले जाते. जीनो वाचता वाचता माणसासारखा होत गेला होता. चिट्टी एका क्षणात होतो. ज्याने जीनो वाचला आहे त्याला हा फरक जाणवल्यावाचून राहणार नाही. चित्र डोळे दिपवणारे, आणि तरीही ‘परंतु’ शिल्लक. पहिली आणि तिसरी तक्रार एक नव्हेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

भारताबाहेरील एक उदाहरणही येथे उद्बोधक आहे. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ या काळात प्रथम प्रक्षेपित झाली. भारतीय प्रेक्षकांनी ती १९८० च्या दशकात दूरदर्शनवर पाहिली. दुसऱ्या वर्षाअखेर ती बंद पडणार अशी चिन्हे दिसताच चाहत्यांनी पत्रांचा वर्षाव केला आणि मालिकेला तिसरे वर्ष मिळाले. त्या वर्षाचा आरंभ २० सप्टेंबर १९६८ रोजी ‘स्पॉक्स ब्रेन’ या भागाने झाला. त्यात नायकाच्या सहकाऱ्याचा मेंदू चोरीला जातो आणि मेंदूवाचून त्याचे शरीर दूरनियंत्रणाने चालवले जाते. ज्या चाहत्यांनी मालिका वाचवली त्यांच्यातच हा भाग तिच्या सर्वांत दुबळ्या भागांपैकी एक म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यांनी मालिका सोडली मात्र नाही. स्पॉक हे पात्र विवेकाचे आणि तर्काचे म्हणून उभे राहिले होते. त्याच्याच बाबतीत तर्क सोडला गेला, ही त्यांची तक्रार त्या मालिकेनेच त्यांना शिकवली होती.

यावर एक आक्षेप संभवतो. चाहता हा आसक्त असतो; रसिकाला ताटस्थ्य हवे; मग त्याच्या मताला समीक्षेत स्थान का द्यावे? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. आसक्ती जेव्हा पात्राच्या वेशावर किंवा स्वतःच्या मनोचित्रावर जडते तेव्हा ती आस्वादात अडथळा आणते. परंतु सहृदयाची जी व्याख्या परंपरेने केली आहे तीत काव्याच्या अभ्यासाने मनाचा आरसा स्वच्छ होणे अभिप्रेत आहे. विज्ञानमालिकेच्या चाहत्याने वर्षभर हाच अभ्यास केलेला असतो, मग त्याला त्याचे नाव माहीत असो वा नसो. ज्या कलाप्रकाराला परंपरेची प्रसिद्धी नाही, त्यात अभ्यास केलेला प्रेक्षक दुसरा कोण असणार? त्याला वगळले तर या प्रकाराचा न्याय करण्यास दोघेच उरतात : कथेचे नियम ठाऊक नसलेला समीक्षक आणि ते मोडणारा निर्माता.

आणखी एक गोष्ट. कादंबरीने भविष्य म्हणून कल्पिलेला काळ आता येऊन गेला आहे. त्या काळात जीवा नव्हता, पण पडद्यावरील प्रतिमेला सत्ता मानण्याची सवय होती. बोलणारी यंत्रे घरोघर आली, पण लाडका म्हणावा असा जीनो त्यांत होता की काय, हे ज्याने त्याने ठरवावे. भविष्याची वर्षे खरी ठरली की खोटी, यावर विज्ञानकथेचे मोल ठरत नाही. तिने घातलेले नियम वाचकाच्या मनात किती काळ टिकले, यावर ते ठरते. आणि ते टिकले की नाही याची साक्ष त्या चाहत्याच्या ‘परंतु’त असते. दूरदर्शनच्या पहिल्या दशकांतल्या अशा प्रतिक्रिया बहुधा जेवणाच्या पानावर, बसच्या रांगेत, कचेरीतल्या कॉफीबरोबर बोलल्या गेल्या आणि लिहिल्या न जाताच विरल्या. वेगवेगळ्या भारतीय भाषांतल्या विज्ञानमालिकांविषयी ज्यांना आजही असे काही आठवते, त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवणे आणि तक्रारींचे तीन प्रकार वेगळे करून त्या वाचणे, हे काम भारतीय समीक्षेने हाती घ्यावयास हवे.